पाळक बदलताना मंडळीचा विश्वास कसा जपावा : पॅस्टरेट कमिटीच्या नव्या सभासदांसाठी मार्गदर्शन

पॅस्टरेट कमिटीवर, म्हणजे एका पाळकांच्या देखरेखीखालच्या मंडळीचा (स्थानिक चर्चच्या सभासदांच्या समुदायाचा) कारभार पाहणाऱ्या समितीवर, पहिल्यांदाच निवडून आलेल्या सभासदाला थोड्याच दिवसांत कळून येते की, रविवारच्या उपासनेची व्यवस्था, कापणीच्या सणाचा हिशोब किंवा दफनभूमीच्या भिंतीची डागडुजी ही कामे कष्टाची असली तरी निभावता येतात. खरी कसोटी लागते ती पाळकसाहेबांच्या बदलीचे पत्र आल्यावर. त्या दिवसापासून नवे पाळक रुळेपर्यंतचा काळ काही महिन्यांचाच असतो, पण त्या काळात तुटलेले संबंध पुढच्या दोन-तीन पाळकांच्या कारकिर्दी संपल्या तरी सांधले जात नाहीत. हा लेख महाराष्ट्रातील चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मेथॉडिस्ट मंडळ्या, मुक्तिफौज किंवा वसईतील कॅथॉलिक धर्मग्रामे यांच्या नेमणुकीच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी हिशोब, नोंदी आणि गृहभेटी यांविषयी येथे सांगितलेले बरेचसे त्यांनाही लागू पडेल.

लेखात ज्यावर भर दिला आहे ती गोष्ट अशी : बदलीच्या काळात मंडळीने नव्या माणसावर लगेच विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे, कारण त्या माणसाला अजून कोणी ओळखतच नाही. या काळात मंडळी विश्वास ठेवते तो कारभारावर. म्हणजे वेळेवर मिळालेल्या माहितीवर, उघड्या वह्यांवर आणि आजारी माणसाच्या दारात कोणीतरी येईल या खात्रीवर. हा कारभार पाळकांच्या नव्हे, तर कमिटीच्या हातात असतो. म्हणून जबाबदारीही आधी कमिटीची ठरते.

आपली मंडळी कोणत्या परंपरेतून आली आहे हे आधी जाणून घ्यावे

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली आणि तिच्यात सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र आल्या. त्यापूर्वी महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्या निरनिराळ्या मिशनांच्या छायेत वाढल्या होत्या. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम मोठे होते आणि ती परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीने स्वतः आपला कारभार पाहण्याची होती. कोल्हापूर व सांगलीकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते, तिथे वडिलांच्या, म्हणजे मंडळीने निवडलेल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या, सभेला मान होता. नाशिकच्या शरणपूर परिसरात चर्च मिशनरी सोसायटीची अँग्लिकन परंपरा होती, जिथे पाळकांची नेमणूक बिशपांकडून होणे स्वाभाविक मानले जाई.

हा इतिहास नव्या सभासदाला जुनापुराणा वाटेल, पण बदलीच्या बैठकीत तो हमखास बोलू लागतो. ‘आम्हाला न विचारता बदली केलीच कशी?’ असे एखादे ज्येष्ठ सभासद तळमळीने विचारतात, तेव्हा त्यांच्या घरात मंडळीने पाळकाला आमंत्रण देण्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असू शकते. दुसऱ्या कुटुंबाला तोच प्रश्न बिशपांचा अनादर करणारा वाटतो. दोघेही आपापल्या परंपरेला धरून प्रामाणिक असतात. हे ज्याला ठाऊक आहे तो कोणालाही बंडखोर किंवा लाळघोट्या ठरवत नाही आणि बैठक हातघाईवर येत नाही. त्यामुळे बदलीची चर्चा सुरू होण्यापूर्वीच चर्चची जुनी इतिवृत्ते काढून वाचावीत, आणि मागच्या दोन-तीन बदल्यांच्या वेळी काय घडले होते ते किमान दोन वेगवेगळ्या घराण्यांतील ज्येष्ठांकडून ऐकून घ्यावे.

पहिली पायरी : बातमी पूर्ण सांगावी आणि त्याच रविवारी सांगावी

बदलीचा निर्णय धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतील विभागाच्या, पातळीवर होतो आणि पत्र येण्याआधीच त्याची कुणकुण मंडळीत पसरलेली असते. पत्र हाती आल्यावर कमिटीने ते दडवून ठेवले तर ज्यांना आधी कळले ते आणि ज्यांना नंतर कळले ते, असे दोन तट आपोआप पडतात. यावर उपाय साधा आहे. पत्र मिळाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, पाळकांच्या संमतीने, सेक्रेटरींनी उपासनेत लेखी निवेदन वाचून दाखवावे. निवेदनात तीन गोष्टी असाव्यात : काय ठरले आहे, काय अजून ठरलेले नाही, आणि जे ठरलेले नाही ते कधी व कोणाकडून कळेल. यांपैकी मधली गोष्ट बहुतेक कमिट्या गाळतात, आणि नेमक्या त्याच रिकाम्या जागेत अफवा शिरते.

नमुन्यादाखल असे निवेदन करता येईल :

‘आपले पाळकसाहेब यांची बदली झाल्याचे धर्मप्रांत कार्यालयाचे पत्र कमिटीला या आठवड्यात मिळाले आहे. महिनाअखेरपर्यंत ते आपल्यामध्ये सेवा करतील. नव्या पाळकांचे नाव अद्याप कळलेले नाही. ते कळल्यानंतरच्या पहिल्या रविवारी येथूनच सांगण्यात येईल. तोपर्यंत बाप्तिस्मा, विवाह, आजाऱ्यांची भेट आणि दफनविधी यांसाठी कोणाशी संपर्क साधावा, त्यांचे नाव व फोन नंबर फलकावर लावले आहेत. चर्चच्या हिशोबाविषयी ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी पुढच्या रविवारी उपासनेनंतरच्या बैठकीत ते अवश्य विचारावेत.’

हेच निवेदन फलकावर लावावे आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही जसेच्या तसे टाकावे. तिन्ही ठिकाणी शब्द सारखेच असले पाहिजेत. गटावर त्याखाली चर्चा सुरू झाली तर कमिटीच्या सभासदांनी तिथे वाद घालू नये. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना फोन करावा, शक्य असेल तर घरी जावे. लेखी शब्दात आवाजाचा सूर नसतो आणि एकदा पुढे पाठवलेला संदेश परत घेता येत नाही.

बदलीचे कारण मंडळीला सांगायचे का, हा नाजूक प्रश्न आहे. ती नियमित बदली असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. कारण वेगळे असेल आणि ते सांगण्याचा कमिटीला अधिकार नसेल, तर ‘कारण सांगणे आमच्या अधिकारात नाही’ एवढेच म्हणावे. खोटे कारण मात्र कधीही सांगू नये, कारण ते उघडे पडल्यावर कमिटीच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी पायरी : हिशोब, नोंदवह्या आणि किल्ल्या

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. पाळक बदलताना मंडळ्यांत जे वाद होतात, त्यांच्या मुळाशी उपदेश किंवा धर्मशिक्षण क्वचित असते; बहुतेकदा एखादी ठेवपावती सापडत नाही, दुकानाच्या गाळ्याचे भाडे कोणी घेतले ते कळत नाही, किंवा कापणीच्या सणातल्या लिलावाची बाकी कोणाकडे राहिली यावर एकमत होत नाही. आणि संशय एकदा पैशाचा आला की तो माणसाच्या चारित्र्याला चिकटतो.

पवित्र शास्त्रातच याचा सुंदर दाखला आहे. शमुवेलाने कारभार शौलाकडे सोपवताना सर्व इस्राएलांसमोर उभे राहून विचारले की, मी कोणाचा बैल किंवा गाढव घेतले, कोणाला फसवले, कोणाच्या हातून लाच घेतली ते सांगा (१ शमुवेल १२). त्याच्यावर आरोप कोणीच केला नव्हता. तरीही त्याने स्वतःहून हिशोब दिला आणि लोकांकडून साक्ष घेतली. जाणाऱ्या पाळकांकडे हिशोबाची हस्तांतरण यादी मागणे हा त्यांचा अपमान आहे असे काही सभासदांना वाटते, त्यांना हा अध्याय वाचून दाखवावा. लेखी हस्तांतरणामुळे सर्वांत जास्त रक्षण होते ते जाणाऱ्या पाळकांचेच, कारण ते गेल्यानंतर त्यांच्या नावावर काहीही खपवले जाऊ शकते आणि उत्तर द्यायला ते तिथे नसतात.

हस्तांतरणाची यादी जाण्याच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधी करायला घ्यावी. तिच्यात बँकेची सर्व खाती, प्रत्येक खात्यातील त्या दिवसाची शिल्लक, ठेवपावत्या व त्यांच्या मुदती, आणि हातातली रोख रक्कम यांची नोंद असावी. वर्गणी व दशमांशाची वही, सभासदांची यादी, कमिटीच्या बैठकांची इतिवृत्ते, तसेच बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने स्वतः विश्वास जाहीर करण्याचा विधी), विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आहेत ते लिहावे. नोंदवह्यांना कमी लेखू नये : शाळेतील प्रवेश, पासपोर्ट, वारसाहक्क अशा कितीतरी कामांत जुन्या बाप्तिस्म्याचा किंवा विवाहाचा दाखला लागतो, आणि एक वही हरवली तर शेकडो कुटुंबांची अडचण होते. विवाह नोंदवहीकडे तर विशेष लक्ष द्यावे, कारण १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार या नोंदी ठेवणे आणि त्यांच्या प्रती पाठवणे ही कायदेशीर जबाबदारी आहे. त्यानंतर प्रभूभोजनाची पात्रे, पेटी-तबला, ध्वनियंत्रणा, पाळकनिवासातील चर्चच्या मालकीचे सामान आणि सगळ्या किल्ल्या. यादीच्या तीन प्रती काढाव्यात आणि जाणारे पाळक, येणारे किंवा तात्पुरते प्रभारी पाळक, सेक्रेटरी व खजिनदार या सर्वांनी प्रत्येक पानावर सही करावी.

बँकेत सह्यांचा अधिकार बदलण्यासाठी कमिटीचा ठराव लागतो. तो पाळक जाण्याआधीच्या शेवटच्या बैठकीत करून घ्यावा, नाहीतर वीजबिल आणि शिपायाचा पगार अडकतो आणि मंडळीला वाटते की चर्चची तिजोरीच रिकामी झाली. चर्च सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल आणि पाळक तिचे पदसिद्ध विश्वस्त असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे तो बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. रोजच्या बोलण्यात याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. तो वेळेवर न दिल्यामुळे कागदावर जुनेच विश्वस्त राहतात, आणि पुढे वाद झाला की प्रत्येक गट आपणच खरे विश्वस्त असल्याचा दावा घेऊन उभा राहतो.

जमिनीबाबत एक ताकीद द्यावीशी वाटते. मिशनच्या काळापासून आलेल्या जागा आज शहरांच्या मध्यावर आहेत आणि त्यांच्यावर पुष्कळांची नजर असते. पाळक नसलेल्या काळात जमीन, गाळे किंवा बंगला यांच्याविषयी कोणताही नवा करार करू नये, मग समोरची व्यक्ती कितीही ओळखीची असो आणि देणगीचे आश्वासन कितीही मोठे असो. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यासाठी, बदलून देण्यासाठी किंवा दान करण्यासाठी, तसेच शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि इतर जमीन वा इमारत ३ वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने देण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शिवाय जागा बहुधा स्थानिक मंडळीच्या नव्हे, तर चर्चच्या मिळकती आपल्या नावे धारण करणाऱ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असते. बदलीच्या काळात मिळकतीचा व्यवहार करणार नाही, असा ठराव कमिटीने करून तो रविवारी वाचून दाखवला, तर निम्मी कुजबुज तिथेच थांबते.

रविवारचे अर्पण मोजताना वेगवेगळ्या घराण्यांतील दोघे तरी हजर असावेत, रक्कम तिथेच वहीत लिहून दोघांनी सही करावी, आणि महिन्याची जमा-खर्चाची बेरीज फलकावर लावावी. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने यरुशलेमसाठी गोळा केलेली मदत नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, तो याच हेतूने की, कोणाला दोष द्यायला जागा राहू नये आणि प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा. प्रेषिताला जी खबरदारी आवश्यक वाटली ती आपल्या खजिनदारांनाही कमीपणाची वाटायला नको.

तिसरी पायरी : निरोप मनापासून द्यावा

ज्या पाळकांनी आपल्या आईला शेवटचे प्रभूभोजन दिले, मुलांचे बाप्तिस्मे केले, टाळेबंदीच्या दिवसांत फोनवरून प्रार्थना केली, ते जात असताना लोकांना दुःख होणारच. काही कमिट्या नव्या पाळकांना वाईट वाटेल म्हणून निरोप आटोपता घेतात. ते योग्य नाही. मिलेत येथे पौलाने इफिसच्या वडिलांचा निरोप घेतला तेव्हा सर्व जण फार रडले आणि त्याच्या गळ्यात पडले, असे प्रेषितांच्या कृत्यांत विसाव्या अध्यायात लिहिले आहे. त्याच भाषणात त्याने आपण कोणाच्या सोन्यारुप्याचा किंवा वस्त्राचा लोभ धरला नाही, हेही सांगितले. उपकारस्तुतीची उपासना, महिला मंडळ व तरुण संघाकडून दोन शब्द, पाळकीणबाईंच्या सेवेचा स्वतंत्र उल्लेख आणि सर्वांसोबत जेवण एवढे तरी व्हावेच. पाळकीणबाईंनी संडे स्कूल चालवले, आजारी बायकांच्या उशाशी रात्री काढल्या, आणि निरोपाच्या भाषणात त्यांचे नावही आले नाही, असे पुष्कळ ठिकाणी होते. ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

निरोपानंतरची मर्यादा मात्र त्याच वेळी ठरवून घ्यावी. जुन्या पाळकांशी मैत्री राहावी, लग्नाचे आमंत्रण जावे, फोन व्हावेत. परंतु बाप्तिस्मा, विवाह किंवा दफनविधीसाठी त्यांना बोलवायचे असेल तर ती विनंती नव्या पाळकांमार्फतच व्हावी. हे एखाद्या कुटुंबावर शोक कोसळलेला असताना सांगणे निर्दयपणाचे ठरते. म्हणून निरोपाच्या आधीच, शक्य असेल तर जाणाऱ्या पाळकांच्याच तोंडून, मंडळीला सांगितले जावे. आणि नव्या पाळकांनीही अशी विनंती आली तर मन मोठे करून सोबत विधी करावा.

चौथी पायरी : मधला काळ रिकामा जाऊ देऊ नये

कधी नवे पाळक लगेच येतात, कधी काही आठवडे शेजारच्या पॅस्टरेटचे पाळक प्रभारी असतात. प्रभारी पाळकांना स्वतःची मंडळी सांभाळायची असते, त्यामुळे ते महिन्यातून एखाद्या रविवारी प्रभूभोजनासाठी येतील आणि बाकीचे रविवार वडील किंवा अनुभवी सभासद उपदेश करतील, अशी व्यवस्था बहुधा करावी लागते. उपदेशकांची यादी पुढच्या दोन महिन्यांसाठी एकदम लावावी. आयत्या वेळी ‘तुम्हीच दोन शब्द बोला’ असे करू नये. उपदेशातून बदलीवर, बिशपांवर किंवा एखाद्या गटावर टीका होणार नाही, एवढी अट आधीच सांगावी.

उपदेशापेक्षा गृहभेटींना अधिक महत्त्व द्यावे. मंडळीतले आजारी, अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे वृद्ध आणि त्या वर्षी घरात मृत्यू झालेली कुटुंबे यांची यादी जाणाऱ्या पाळकांकडून मागून घ्यावी. ही यादी बहुधा त्यांच्या मनात असते, कागदावर नसते, आणि ते गेले की तीही जाते. प्रत्येक कमिटी सभासदाने त्यांतली काही घरे वाटून घ्यावीत, आणि आठवड्यातून एका घरी तरी जाऊन शास्त्रवाचन व प्रार्थना करावी. बुधवारची घरोघरीची प्रार्थनासभा चालू राहिली पाहिजे.

पुढे कोणी एकच व्यक्ती आपल्याला तारून नेईल, असे धरून चालू नये. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या हाताखाली त्यांची कन्या मनोरमा तयार झाली होती आणि पुढचा भार तीच वाहील अशी अपेक्षा होती. पण मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. तरीही मुक्ती मिशनचे काम थांबले नाही, ते आजही चालू आहे. ज्या संस्थेत स्वयंपाकघरापासून शाळेपर्यंत जबाबदारी वाटलेली असते, ती असा आघात सोसू शकते.

पाचवी पायरी : नव्या पाळकांचे पहिले तीन महिने

नवे पाळक येण्याआधी पाळकनिवासाची पाहणी करून नळ, विजेच्या तारा, छत आणि रंग ही कामे उरकावीत. मुलांच्या शाळाप्रवेशाची चौकशी कमिटीने आधीच करून ठेवावी, विशेषतः बदली जूनच्या तोंडावर असेल तर. नव्या गावात सामान उतरवताना त्या कुटुंबाला जे स्वागत मिळते, त्यावरून ते मंडळीला ओळखतात; विश्वास मंडळीने ठेवायचा असतो तसाच तो पाळकांच्या कुटुंबालाही वाटावा लागतो.

पहिल्या महिन्यात नव्या पाळकांना घेऊन गृहभेटी कराव्यात. कोणत्या घरापासून सुरुवात होते याकडे सगळ्यांचे लक्ष असते. सधन किंवा वजनदार कुटुंबाकडे पहिले जेवण झाले की, ‘पाळकसाहेब त्यांचे झाले’ असे बोलले जाते, आणि ते बोल पुसणे फार कठीण. म्हणून सुरुवात आजाऱ्यांपासून करावी, मग विधवा व वृद्ध, मग जे चर्चला येईनासे झाले आहेत ते, आणि मगच बाकीचे. पाळकांसोबत प्रत्येक वेळी वेगळ्या घराण्याचा किंवा वेगळ्या वाडीचा सभासद असावा. शहरातल्या मराठी मंडळ्यांत मूळ गावांवरून, भावकीवरून आणि कोणत्या मिशनच्या शाळेत आजोबा शिकले यावरून गट असतात. ते नाहीत असे मानण्याने ते नाहीसे होत नाहीत. येरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत असल्याची कुरकूर उठली होती. प्रेषितांनी ती दाबली नाही. लोकांना सात पुरुष निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक होती (प्रेषितांची कृत्ये ६). ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप सोपवण्याइतका मोठेपणा त्या मंडळीने दाखवला. आपल्या कमिटीत, उपासना समितीत आणि अर्पण मोजणाऱ्यांत आजवर कोणते गट आलेच नाहीत, याची यादी करून या तीन महिन्यांत त्यांच्यापैकी कोणाला तरी काम द्यावे.

नव्या पाळकांना पहिल्याच चहाला जुन्या भांडणांचा इतिहास सांगू नये. त्यांनी विचारले तर घटना सांगाव्यात, माणसांवर शेरे मारू नयेत. चालू असलेले कोर्टाचे किंवा धर्मादाय कार्यालयातील खटले मात्र कागदपत्रांसह पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे ठेवावेत, कारण ते त्यांना बाहेरून कळले तर कमिटीने आपल्याला अंधारात ठेवले असे त्यांना वाटेल आणि ते खरेही असेल.

उपासनेत बदल करण्याची घाई हा नव्या पाळकांकडून होणारा नेहमीचा प्रमाद आहे, आणि तो त्यांना आदराने पण स्पष्टपणे सांगणे हे सेक्रेटरींचे काम आहे. उपासनेची वेळ, प्रभूभोजनाची पद्धत, नाताळातल्या भजनफेरीचा मार्ग, ना. वा. टिळकांची पदे पेटी-तबल्यावर म्हणायची की कीबोर्ड-गिटारवर, या गोष्टी बाहेरच्याला किरकोळ वाटतील. पण म्हाताऱ्या माणसाला चर्चमध्ये आपले स्थान त्यांच्यातूनच जाणवत असते. निदान एक नाताळ आणि एक पुनरुत्थान सण जुन्या रीतीने होऊ द्यावेत. तरुणांना बदल हवा असेल तर त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळची सभा सुरू करता येते, त्यासाठी रविवारची सकाळ मोडण्याची गरज नसते. उलट, जिथे मंडळी स्वतः एखादा बदल कित्येक वर्षे मागत असेल, तिथे नव्या पाळकांच्या हातून तो लवकर होणे सर्वांनाच हवेसे वाटते.

जुन्या आणि नव्या पाळकांची तुलना होणारच. ती कमिटीच्या सभासदाच्या तोंडून मात्र होता कामा नये, स्तुती म्हणूनसुद्धा. ‘आधीच्यांपेक्षा तुमचा उपदेश चांगला’ हे वाक्य ऐकणाऱ्या पाळकांना ठाऊक असते की, पुढच्या वेळी हेच त्यांच्याविषयी दुसऱ्याला ऐकवले जाईल. ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ या करिंथच्या भांडणाला पौलाने दिलेले उत्तर, की एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले आणि वाढ देवाने दिली, नव्या पाळकांच्या स्थापनेच्या उपासनेत वाचण्यासाठी अतिशय योग्य आहे.

जिथे अविश्वासाला खरे कारण असते

आतापर्यंतचे विवेचन गैरसमज आणि दुरावा यांविषयी होते. पण कधी तक्रार खरी असते : पैशाचा अपहार, बनावट ठराव, किंवा स्त्रिया अथवा मुलांशी गैरवर्तन. अशा वेळी ‘मंडळीची बदनामी नको’, ‘नव्या पाळकांच्या सुरुवातीलाच कशाला’ असे म्हणून तोंड बंद करणे म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना एकटे पाडणे होय, आणि असे करणारी कमिटी विश्वासाची भाषा बोलण्याचा अधिकार गमावते. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना किंवा विशेष बालक पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. कमिटीने आधी आपली चौकशी करून मग ठरवावे, अशी सवलत कायदा देत नाही. अपहाराबाबत कागद जपून ठेवावेत, स्वतंत्र हिशोब तपासणीसाची मागणी लेखी करावी, आणि तक्रार धर्मप्रांताकडे सहीनिशी द्यावी. निनावी पत्रके वाटू नयेत. आरोप सिद्ध होईपर्यंत नाव जाहीर करू नये, परंतु चौकशी चालू आहे हे मंडळीपासून लपवू नये.

बदलीच काहींना मान्य नसेल आणि ते उपासनेला येणे बंद करतील, तर त्यांची नावे सभासद यादीतून कमी करण्याची घाई करू नये. त्यांच्या घरच्या आजारपणात, दफनविधीला आणि लग्नाला कमिटीने नेहमीसारखेच जावे. बरेच जण वर्षभराने परत येतात, आणि त्यांना आपल्या जागेवर येऊन बसता यावे यासाठी त्या वर्षात कोणी त्यांच्याविषयी व्यासपीठावरून एकही कडू शब्द बोललेला नसावा लागतो.

वर्ष पूर्ण होताना

नव्या पाळकांना वर्ष झाल्यावर मंडळीच्या वार्षिक सभेत हस्तांतरणाची तीच तीन प्रतींची यादी पुन्हा पुढे ठेवावी. तिच्यातील प्रत्येक ओळीपुढे आजची स्थिती लिहावी : ठेवपावती नूतनीकृत झाली का, चेंज रिपोर्ट दाखल होऊन त्याचा आदेश मिळाला का, दुरुस्तीची कामे किती झाली, भाड्याची कोणती बाकी वसूल व्हायची आहे. जे राहिले ते राहिले म्हणून वाचून दाखवावे आणि ते कोण, कोणत्या महिन्यापर्यंत पूर्ण करील त्याचे नाव इतिवृत्तात लिहावे. त्याच सभेत आजाऱ्यांची व एकट्या वृद्धांची यादीही नव्याने तयार करून ती सेक्रेटरींच्या दप्तरात ठेवावी, म्हणजे पुढच्या बदलीच्या वेळी ती कोणाच्या आठवणीतून शोधावी लागणार नाही.